वाचनालयात लहान पोरं, त्यांचा गलका आणि हॉल एकच: कसं जमवायचं

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की आपल्याकडे काय होतं ते जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूरवाल्यांना सांगायला नको. अकरानंतर रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, पारा ४४-४५ ला आणि पोरं घरात. मग आई नाहीतर आजोबा पोराला घेऊन वाचनालय गाठतात, कारण तिथे कूलर असतो आणि कोणी काही घ्या म्हणत नाही. त्याच कूलरसमोर तलाठी भरती, पोलीस भरती, एमपीएससी करणारी मुलंमुली आधीच येऊन बसलेली असतात, कारण त्यांच्याही घरी दोन खोल्यांत सहा माणसं. तिसरे म्हणजे पेपर वाचायला येणारे आबा, आप्पा, नाना. तिघांचंही बरोबर आहे, म्हणूनच हे भांडण मिटत नाही.

मी आमच्या तालुक्याच्या गावच्या वाचनालयात बालविभाग बघते, पगारी नाही, हौसेने. दोन्हीकडची बोलणी खाऊन झालीत. माझं म्हणणं एकच आहे, पोरांचा आवाज बंद करायच्या मागे लागू नका, त्या आवाजाला जागा आणि वेळ ठरवून द्या. खाली जे लिहिलंय ते सगळं त्यातूनच निघालंय. थोडं पालकांसाठी आहे, थोडं वाचनालय चालवणाऱ्यांसाठी, थोडं अभ्यासवाल्यांसाठी, ज्याला जे लागू पडेल ते घ्या.

आधी बघा वाचनालय आहे कसं

आपल्याकडची बहुतेक सार्वजनिक वाचनालयं सरकार चालवत नाही, गावातली संस्था चालवते. १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम आहे, त्याखाली मान्यता मिळते, अ ब क ड असे वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान येतं. पण हॉलमध्ये कोण कुठे बसणार, बालविभाग किती वाजता उघडणार, सतरंजी टाकायची की नाही, हे कार्यकारी मंडळ ठरवतं. मंडळ म्हणजे कोण, गावातलेच लोक, कोणाचे काका, कोणाचे सर. म्हणून "वरून नियम आहे" असं कोणी म्हटलं तर गोडीत विचारा की नियम कुठे लिहिलाय दाखवा ना. बऱ्याचदा तो भिंतीवरच्या "शांतता राखा" बोर्डापलीकडे कुठेच नसतो. म्हणजे बदलायचं असेल तर मंडळाची एक मीटिंग पुरते.

दुसरं, वाचनालय वाचनालयात फरक असतो. जळगावचं वल्लभदास वालजी जिल्हा वाचनालय १८७७ चं आहे, एवढ्या जुन्या आणि मोठ्या संस्थेचं गणित वेगळं आणि एखाद्या गावात ग्रामपंचायतीच्या खोलीत चालणाऱ्या ड वर्गाच्या वाचनालयाचं वेगळं, तिथे एक हॉल, चार कपाटं, एक टेबल, संपलं. आणि धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ घ्या, १९२७ पासूनची संस्था, तिथे जुनी कागदपत्रं, पोथ्या, दप्तरं, त्यावर काम करणारा माणूस एकेक अक्षर लावत बसलेला असतो, तिथे दोन वर्षांच्या पोराला घेऊन "बघ बघ" करत फिरायचं नसतं. हे कोणाला पटवावं लागत नाही. पण मग उलटं पण पटायला हवं की गावच्या वाचनालयाच्या बालविभागात संशोधन मंडळासारखी शांतता मागायची नसते. एकाच इमारतीत सुद्धा असं असतं, देवघेवीच्या टेबलापाशी बोलाचाली होणारच, पेपरच्या टेबलावर थोडी कुजबुज चालते, अभ्यासिकेत टाचणी पडली तर ऐकू यावी. पोरांसाठी यातली एकही जागा नसते म्हणून ती तिन्हीकडे फिरतात.

आवाज पोरांचा कमी, हॉलचाच जास्त

हे थोडं सविस्तर सांगते कारण याकडे कोणी बघतच नाही. सकाळी वाचनालय उघडल्यावर, कोणी यायच्या आधी, हॉलच्या मधोमध उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीनंतर जर "ट्यँऽऽ" असं मागे काहीतरी राहिलं तर समजा की तुमचा हॉल आवाज वाढवतोय. आपल्याकडचे हॉल तसेच असतात, खाली टाइल्स नाहीतर शहाबादी, वर स्लॅब, भिंतीला ऑइलपेंट, लोखंडी कपाटं, काचेच्या खिडक्या, आवाज कुठेच मुरत नाही, नुसता आपटत राहतो. पोरगं एकदा ओरडतं आणि अभ्यासवाल्याला ते लांबलचक ऐकू येतं.

यावर खर्चिक काही लागत नाही. पोरांच्या कोपऱ्यात जाड सतरंजी, तिच्याखाली जुनी गोधडी. त्या बाजूच्या खिडक्यांना जाड कापडाचे पडदे, सुती असले तर उत्तम. पुस्तकांनी भरलेलं उघडं रॅक पोरांच्या आणि अभ्यासाच्या मध्ये आडवं ठेवा, पुस्तकं आवाज बऱ्यापैकी अडवतात, रिकामं लोखंडी कपाट तेवढं अडवत नाही, उलट त्याला हात लागला तर तेच वाजतं. रॅक मात्र भिंतीला नाहीतर जमिनीला पक्कं करा, पोरं चढतात, हे मी दोनदा लिहिणार नाही पण तुम्ही दोनदा वाचा. खुर्च्यांच्या पायाला हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे रबर लावा. लोखंडी खुर्ची सरकवल्याचा जो किर्रर्र आवाज येतो तो कुठल्याही पोराच्या वर आहे आणि तो बहुतेक वेळा मोठी माणसं करतात.

कूलरचं एक गंमतशीर आहे. सारखा एकसुरी आवाज थोड्या वेळाने आपल्याला जाणवत नाही, बदलता आवाज, त्यातही बोलणं, हे मात्र कानाला विसरता येत नाही. म्हणून अभ्यासवाल्यांची टेबलं कूलरच्या जवळ घ्या, त्या घोंघाटात पोरांचं बोलणं बरंचसं बुडून जातं. पोरांना कूलरपासून लांब आणि पंख्याखाली बसवा, नाहीतर कूलरवर मात करायला ती अजून मोठ्याने बोलतात. फक्त कूलरचं तोंड पुस्तकांच्या रॅककडे नको, ओल्या हवेने बुरशी धरते आणि कसर लागते.

आणि अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, बंद हॉलमध्ये भिंतींमुळे तेवढा उतरत नाही, पण काहीतरी उतरतोच. साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं, तान्हं बाळ जवळून रडलं तर १०० च्या घरात जातं, म्हणजे बाळाच्या रडण्यावर सतरंजी-पडद्याचा काही उपाय नाही, त्याला दारच लागतं. दाराचं पुढे येतंच आहे.

पोरांचा कोपरा कुठे करायचा

सगळीकडे एक चूक बघते, पोरांना हॉलच्या एकदम टोकाला, आतल्या कोपऱ्यात बसवतात, का तर नजरेआड. मग बाळ रडलं की आईला अख्खा हॉल ओलांडून बाहेर यावं लागतं, पंचवीस डोळे तिच्याकडे बघतात आणि ती पुन्हा येत नाही. कोपरा दाराजवळ करा, देवघेवीच्या टेबलाशेजारी. तिथे आधीच चपलांचा, शिक्क्याचा, "माझं पुस्तक आलं का"चा आवाज असतो, त्यात पोरांचा मिसळून जातो. ग्रंथपालांची नजर राहते. आई दोन पावलांत ओट्यावर. फक्त दार थेट रस्त्यावर उघडत असेल तर पोरं आणि दार यांच्या मध्ये टेबल येईल अशी मांडणी हवी, मोटारसायकली काही बघून येत नाहीत.

वर मजला असेल तर अभ्यासिका वर, पोरं खाली. उलटं केलेलं पण पाहिलंय, बालविभाग वरच्या मजल्यावर आणि जिन्याला कठडा अर्धाच. ते बदला आधी.

रॅक पोराच्या छातीएवढं उंच, पुस्तकं कणा दिसेल अशी उभी न ठेवता मुखपृष्ठ दिसेल अशी. जागा नसेल तर भिंतीला दोरी बांधून कपड्याच्या चिमट्यांनी पातळ पुस्तकं लटकवा. जाड पुठ्ठ्याची पुस्तकं टोपलीत. नॅशनल बुक ट्रस्टची चित्रांची पुस्तकं स्वस्त असतात, बालभारतीचं किशोर मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक कपाटात बांधून ठेवलेले असतील तर ते काढा बाहेर, फाटले तर फाटले. याचा आवाजाशी काय संबंध? असा, की पुस्तक स्वतःच्या हाताने घेता आलं की पोर मागत नाही, मागणं म्हणजे ओरडणं. हाताला न येणारी पुस्तकं कुलुपात ठेवून पोरांना शांत बसा म्हणायचं, मग ती बसणार कशावर?

सरळ लांब बोळ ठेवू नका. दोन कपाटांच्या मध्ये लांबलचक मोकळी फरशी दिसली की चार वर्षांचं पोर पळणारच, त्यात संस्कारांचा काही प्रश्न नाही. मध्ये एक छोटं टेबल आडवं टाका, पळणं संपलं.

वेळ ठरवणं, हे जागेपेक्षाही जास्त चालतं

एकच खोली असेल तर जागेचा उपाय अर्धाच लागतो, मग घड्याळ वापरा. खूप ठिकाणी वाचनालय सकाळ आणि संध्याकाळ उघडतं, दुपारी बंद. उन्हाळ्यात सकाळची पहिली वेळ पोरांना द्या, साडेआठ ते दहा म्हणा, तेव्हा ऊन पण सुसह्य असतं आणि लहान पोरं सकाळी ताजी असतात, संध्याकाळी सहा वाजता तीन वर्षांचं पोर म्हणजे फक्त रडायचं निमित्त शोधत असतं. ही वेळ बाहेरच्या फळ्यावर खडूने मोठी लिहा आणि अभ्यासवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. अभ्यासवाल्यांचा राग बहुतेक आवाजाचा नसतो, अचानक आलेल्या आवाजाचा असतो. साडेआठ ते दहा गलका आहे हे आधी कळलं तर तो त्या वेळात नोट्स काढतो, चहा पितो, उशिरा येतो, गणितं मात्र दहानंतर घेतो.

पण मग या दीड तासात पोरांना कोणी शूऽऽ करायचं नाही, अध्यक्षांनी पण नाही. आणि दहानंतर कोणाचं पोर ओरडलं तर पालकाने बाहेर न्यायचं, तेव्हा "लहान आहे हो" चालणार नाही. दोन्ही बाजू पाळल्या तरच हे टिकतं.

पूर्वपरीक्षा, लेखी परीक्षा तोंडावर आली असेल त्या आठवड्यात पोरांची वेळ ओट्यावर नाहीतर शेजारच्या शाळेच्या वर्गात हलवा. हे अभ्यासवाल्यांना विचारून करा, ती मुलं स्वतःहून तारीख सांगतात आणि पुढच्या वेळी स्वतःहून पोरांसाठी टेबल सरकवून देतात. आमच्याकडे आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास तर पोरी माहेरी आलेल्या असतात, भाचे-भाच्या सगळे गावात, त्या आठवड्यात गर्दी दुप्पट धरूनच चाला.

पालकांसाठी, पोराला नेताना

पोट भरलेलं, सू झालेली, झोप झालेली, या तीन गोष्टी असतील तरच निघा. एवढं पाळलं तरी निम्मा गोंधळ कमी होतो.

दोन वर्षांच्या आतल्या पोराला "हळू बोल" हे कळत नाही, त्याला कुजबुजता येतच नाही, ते तोंडच त्याचं अजून तयार झालेलं नाही, म्हणून त्याच्यावर डोळे वटारण्यात अर्थ नाही. त्याला मांडीवर घ्या, पुठ्ठ्याचं पुस्तक द्या, पंधरा-वीस मिनिटं झाली की उठा. पोर अजून खुशीत असतानाच उठायचं, हे महत्त्वाचं. "अजून दहा मिनिटं बसू, छान बसलंय" म्हणालात की संपलं. साडेतीन-चारच्या पुढे पोर कुजबुजायला शिकतं, ते घरी शिकवा, खेळ म्हणून. मुंगीचा आवाज काढ, आता मांजरीचा, आता वाघाचा. मग वाचनालयाच्या दारात फक्त "इथे मुंगी" एवढं बोललं तरी पुरतं. आणि तुम्ही स्वतः खाली बसून, त्याच्या डोळ्यांसमोर येऊन हळू बोला. उभं राहून हॉलच्या या टोकावरून "ए गप्प बस म्हटलं ना!" असं ओरडणारी आई आणि पोर यांच्यात जास्त आवाज कोणाचा असतो ते मोजायला अ‍ॅप लागत नाही.

पायात चुईंचुईं वाजणारे बूट घालून आणू नका. हे ऐकून हसू येईल पण लहान पोरांच्या आवाजाची सगळ्यात जास्त तक्रार या बुटांची असते, पोर एक शब्द बोलत नाही आणि पूर्ण हॉलमध्ये चुईं चुईं चुईं. चपला-बूट बाहेर काढायची पद्धत असेल तर प्रश्नच नाही. पैंजणांना घुंगरू असतील तर वरून मोजे चढवा. चिप्सचं पाकीट नको, कुरकुर आवाज वेगळा आणि मुंग्या वेगळ्या, खाऊ ओट्यावर. आणि मोबाइलवर बडबडगीतं लावून पोराला गप्प करणं हा उपाय समजू नका, तो तर पोराच्या आवाजापेक्षा वाईट, पोर निदान मध्ये श्वास तरी घेतं.

निघायच्या आधी पाच मिनिटं सांगून ठेवा, "हे पुस्तक संपलं की घरी." एकदम हातातून पुस्तक ओढलं की मग जो टाहो फुटतो त्याला जबाबदार कोण ते तुम्हीच ठरवा. पोराच्या नावाचं कार्ड काढलेलं असेल तर एक पुस्तक घरी न्यायला त्याच्याच हातात द्या, टेबलावर त्यानेच ठेवायचं, शिक्का मारताना त्यानेच बघायचं. माझ्याकडे एक पोरगी आहे, शिक्क्यासाठी येते, पुस्तक हे निमित्त. चालेल.

आठवडे बाजाराच्या दिवशी पोराला वाचनालयात सोडून भाजी आणायला जाणारे पालक पण असतात, त्यांना स्पष्ट सांगायला हवं. वाचनालय पाळणाघर नाही. किती वयापर्यंत मोठं माणूस सोबत पाहिजे हे मंडळाने ठरवून लिहावं, आणि सोबत म्हणजे शेजारी, कोपऱ्यात मोबाइल बघत नाही.

बोलायचं कसं

अर्धी भांडणं शब्दांनी होतात. एकदा संध्याकाळी एक आजी नातीला घेऊन आल्या, नात असेल अडीच-तीन वर्षांची, पेपरच्या टेबलाशेजारीच खाली बसल्या आणि नात प्रत्येक पानावर बोट ठेवून पूर्ण आवाजात, "आजी, हाई काय शे? आजी, हाऊ कोन शे?" टेबलावरचे एक आबा, आवाजाने कडक माणूस, त्यांनी पेपर खाली केला, मला वाटलं आता हे ओरडणार. त्यांनी चष्मा वर सरकवून पुस्तकात बघितलं आणि तेवढ्याच मोठ्याने सांगितलं, "हाऊ हत्ती शे माय." मग पलीकडच्या टेबलावरून एमपीएससीवाली मुलगी उठून आली आणि एकदम हळू म्हणाली, "आजी, तिकडे सतरंजीवर हत्तीचं अजून मोठं पुस्तक आहे, दाखवू का?" तिघंही उठून गेले, आबा पण गेले बघायला. तिने "आवाज कमी करा" म्हटलंच नाही.

हेच धोरण ठेवा. जागा दाखवा, काय करता येईल ते सांगा. ग्रंथपालांनी म्हणावं, "ताई, बाळासाठी दाराजवळ सतरंजी टाकलीये, पंखा पण आहे, चला." बाळ रडत असेल तर, "ओट्यावर वारा आहे ताई, पुस्तक घेऊन जा सोबत, नोंद नंतर करू." हे शेवटचं वाक्य फार कामाचं आहे, बाहेर काढल्यासारखं वाटत नाही. "पोराला घरी ठेवत जा" हे मात्र कोणीच कोणाला म्हणू नये. घरी ठेवायला कोणी असतं तर तिने आणलंच नसतं. आणि पोरासोबत ती पण घरी राहते, तिचं कादंबरी नेणं बंद, वर्गणी बंद, पुढची पाच-सहा वर्षं ती बाई वाचनालयाला गेली ते गेली.

अभ्यासवाल्यांनी पालकांशी थेट वाद घालू नये, टेबलावर येऊन सांगावं नाहीतर रजिस्टरमध्ये लिहावं. तुमचा राग खरा आहे, महिन्याची फी भरून बसताय, वय निघून चाललंय, घरचे विचारतायत. मेडिकलमध्ये फोमचे कानात घालायचे बोळे मिळतात, स्वस्त असतात, ते दप्तरात ठेवा, पोरं नसली तरी कामाला येतात. आणि टेबलावर व्हायब्रेटवर ठेवलेला फोन घुर्रर्र करतो तेव्हा तुमच्या बाजूच्या चार जणांचं लक्ष जातं, तो खिशात ठेवा.

एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवायची. काही पोरं मोठी दिसतात तरी सारखे आवाज काढतात, हात झटकतात, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतात. स्वमग्नता असू शकते, ऐकू कमी येत असेल, दुसरं काही असेल. आईला "वळण लावा" म्हणायच्या आधी थांबा. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे, सार्वजनिक जागा त्यांचीही आहे. अशा पोरांना गर्दी आणि गलकाच जास्त त्रास देतो, त्यांच्या आईला विचारून कमी गर्दीची वेळ सांगून ठेवा, बहुतेक तीच वेळ त्यांना हवी असते.

गोष्टीचा तास घ्यायचा असेल तर

घ्याच. पण गोष्ट सांगणाऱ्याने अभ्यासिकेकडे पाठ करून बसायचं आणि पोरं भिंतीच्या बाजूला, म्हणजे सांगणाऱ्याचा आवाज भिंतीकडे, सतरंजी-पडद्याकडे जातो. उलटं बसलात तर अभ्यासिकेला पण गोष्ट ऐकू जाते, आणि राक्षसाचा आवाज काढल्याशिवाय गोष्ट होत नाही. पाच वर्षांखालची बारा-पंधराच्या वर पोरं एका वेळी नको, वीस मिनिटं खूप झाली. अहिराणीत सांगा, लेवा बोलीत सांगा, पोरं जवळ सरकून बसतात, जवळ बसलेल्यांना ओरडून सांगावं लागत नाही. आणि गोष्ट संपल्या संपल्या लगेच "आता शांत बसा" म्हणू नका, गोष्टीने पोरं तापलेली असतात, सरळ बाहेर काढा, लिंबाच्या झाडाखाली पाच मिनिटं उड्या मारू द्या, मग आत.

सहा-सातच्या वरच्या पोरांना काम द्या. आलेली पुस्तकं टोपलीत लावणं, लहानांना चित्रं दाखवणं, फळ्यावर तारीख लिहिणं. जो सगळ्यात जास्त दंगा करतो त्यालाच फळा द्या.

मंडळाला पटवायचं कसं

मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणणारच की वाचनालय म्हणजे शांतता. त्यांना रंगनाथन आठवून द्या, आपल्याकडे ग्रंथालयशास्त्र ज्यांच्यापासून सुरू होतं ते, ज्यांचा जन्मदिवस १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन म्हणून करतात. त्यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रं मांडली, त्यात प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक असं आहे, वाचकाच्या वयाची अट नाही. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे हे त्यातलंच पाचवं. २०२२ मध्ये युनेस्को आणि ग्रंथालयांच्या जागतिक महासंघाने सार्वजनिक ग्रंथालयांचा जाहीरनामा नव्याने काढला, त्यातही सगळ्या वयोगटांचं म्हटलंय. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाला शाळेची पोरं बोलवून, हातात पुस्तकं देऊन फोटो काढायचे आणि १६ तारखेला तीच पोरं आली की शूऽऽ करायचं, हे बरं दिसत नाही, एवढं सौम्य शब्दांत म्हणता येतं. आणि आपल्या अमळनेरला २०२४ च्या फेब्रुवारीत ९७ वं साहित्य संमेलन झालं, मांडव टाकायला, खुर्च्या लावायला गाव पुढे येतं हे सगळ्यांनी पाहिलंय, सतरंजी आणि दोन पडद्यांना कोण नाही म्हणणार.

पैशाचं म्हणाल तर वर लिहिलेलं बरंचसं वर्गणीत होतं. फर्निचर, बालविभागाची पुस्तकं असं मोठं काही करायचं असेल तर कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना असतात, १९७२ पासूनची संस्था आहे, कोणती योजना चालू आहे आणि अर्ज कसा करायचा ते जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या ऑफिसात विचारा. फोनवर नका विचारू, जाऊन बसा.

सगळं एकदम करू नका. आधी फक्त वेळ ठरवा आणि महिनाभर चालवा, टेबलावर एक वही ठेवा, ज्याला त्रास झाला त्याने वेळ आणि कशाचा आवाज होता ते लिहायचं, नाव लिहिलं नाही तरी चालेल. महिन्याने वही उघडून वाचा. पोरांच्या जोडीला खुर्च्या, फोन, पेपरच्या टेबलावरचं राजकारण आणि दाराची कडी हे सगळं त्यात निघेल, मग कडीला तेल आणि टेबलाखाली रबर लावूनच अर्धी वही मिटते. उरलं त्यावर जागा बदला.

बोर्ड लावायचाच असेल तर पोराच्या उंचीवर लावा, लाल अक्षरं नको कारण त्याला वाचता येत नाही. मुंगीचं मोठं चित्र काढा आणि दाराच्या चौकटीला, जमिनीपासून अडीच फुटांवर चिकटवा. वर प्लास्टिक लावा, नाहीतर दोन दिवसांत मुंगीला मिशा येतात.